ॲस्टोरिया ते रॉचेस्टर : एका यंत्राची एकवीस वर्षे

झेरॉक्स यंत्र ज्या तत्त्वावर चालते, त्याचा पहिला यशस्वी प्रयोग २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या ॲस्टोरिया भागात झाला. बटण दाबावे आणि साध्या कागदावर नक्कल हाती यावी, असे कचेरीत ठेवण्याजोगे पहिले यंत्र लोकांसमोर आले ते १६ सप्टेंबर १९५९ रोजी. या दोन तारखांमध्ये जवळपास एकवीस वर्षांचे अंतर आहे. उद्योगातल्या यशाआधीची प्रदीर्घ चिकाटी कशावर तगते, तिच्यातून नेमके काय साधते आणि तिची मर्यादा कुठे येते, हे तपासायला ही एकवीस वर्षे फार उपयोगी आहेत. यातली बहुतेक पावले कागदोपत्री नोंदली गेली आहेत. त्यामुळे दंतकथेवर विसंबण्याची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान असतेच. सातबारा, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या दोन-दोन प्रती काढून घेण्यात आज कोणाला काही विशेष वाटत नाही. ही सोय नव्हती तेव्हा कोर्टात नकलेसाठी अर्ज करायचा, नकलनवीस हाताने उतरवून देईल तेव्हा ती न्यायची, नाहीतर कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडून मजकूर टंकून घ्यायचा आणि मूळ कागदाशी ताडून साहेबाची सही मिळवायची. मुळात लिहिताना किंवा टंकताना कार्बन घातला असेल तरच दुसरी प्रत. जास्त प्रती हव्या असतील तर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल. अमेरिकेतली परिस्थितीही १९३०च्या दशकात याहून फार निराळी नव्हती. तिथे फोटोस्टॅट होते. पण ते महाग, ओलसर रसायनांचे आणि वेळखाऊ काम होते. आधीच तयार असलेल्या एखाद्या कागदाची झटपट, कोरडी, स्वस्त नक्कल काढण्याचा मार्ग कोणाकडेच नव्हता.

ही अडचण ज्याला रोज भेडसावत होती, तो माणूस म्हणजे चेस्टर कार्लसन. त्याचा जन्म १९०६ साली सिॲटल येथे झाला. वडील न्हावी होते, पण क्षयाने आणि सांधेदुखीने त्यांचे काम सुटले. आईलाही क्षयाने गाठले आणि चेस्टर सतरा वर्षांचा असताना ती गेली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास घर चालवण्याचा मुख्य भार याच मुलावर होता. शाळेत असताना त्याने एका छापखानदाराकडे काम केले आणि रसायनशास्त्राच्या हौशी विद्यार्थ्यांसाठी एक छोटे नियतकालिकही काढून पाहिले. खिळे जुळवून दोन पाने छापायला किती कष्ट पडतात, हे त्याला तिथेच कळले. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून तो १९३० साली भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला. डोक्यावर चौदाशे डॉलरचे कर्ज होते आणि महामंदी सुरू झालेली होती. त्याने ८२ कंपन्यांना अर्ज केले. एकीकडूनही नोकरी मिळाली नाही. अखेर बेल प्रयोगशाळेत आठवड्याला ३५ डॉलरवर जागा मिळाली, ती १९३३ साली गेली, आणि नंतर पी. आर. मॅलरी या विद्युत उपकरणांच्या कंपनीत पेटंट विभागात तो स्थिरावला.

पेटंटच्या कामात प्रत्येक विनिर्देशाच्या आणि आकृतीच्या अनेक प्रती लागत. टंकून घेतल्या तर चुका राहत, फोटोस्टॅट बाहेरून करून आणले तर पैसा आणि वेळ जाई. शिवाय कार्लसन रात्रीच्या वर्गात कायद्याचे शिक्षण घेत होता. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून तो ग्रंथालयात बसून त्यातली पानेच्या पाने हाताने उतरवून काढी. त्याची नजर अधू होती आणि वडिलांसारखी सांधेदुखीही सुरू झाली होती. गरज त्याच्याच बोटांत दुखत होती, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याने वाचनाला सुरुवात केली. छायाचित्रणाच्या रासायनिक मार्गावर मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आधीच काम करत असणार, हे त्याने ताडले आणि मुद्दाम तो मार्ग टाळला. हंगेरीतील भौतिकशास्त्रज्ञ पाल सेलेन्यी यांचे स्थिरविद्युतविषयक काम त्याच्या वाचनात आले आणि दिशा सापडली. काही पदार्थ अंधारात विजेला अडवतात, पण त्यांच्यावर उजेड पडला की तिला वाट देतात. अशा पदार्थाच्या थरावर विद्युतभार बसवायचा आणि त्यावर मूळ कागदाची प्रतिमा टाकायची. पांढऱ्या भागातून आलेला उजेड जिथे पडेल तिथला भार निघून जाईल. अक्षरांच्या सावलीत तो तसाच राहील. मग वरून बारीक पूड भुरभुरली की ती भारित जागीच चिकटेल. ती कागदावर उचलून पक्की केली की नक्कल तयार. ऑक्टोबर १९३७ मध्ये कार्लसनने या कल्पनेचा पहिला पेटंट अर्ज केला. तोवर एकही नक्कल प्रत्यक्ष निघालेली नव्हती.

प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात सुरू झाले. जस्ताच्या पत्र्यावर गंधक वितळवून थर द्यायचा, म्हणजे घरभर गंधकाचा वास आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. अखेर ॲस्टोरियात एका मद्यगृहाच्या वरची खोली घेतली आणि ऑटो कोर्नाइ या ऑस्ट्रियाहून आलेल्या निर्वासित तंत्रज्ञाला तुटपुंज्या पगारावर मदतीला ठेवले. २२ ऑक्टोबरला कोर्नाइने एका काचपट्टीवर काळ्या शाईने '१०-२२-३८ ॲस्टोरिया' असे लिहिले. खोलीचा पडदा ओढून अंधार केला. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने जोरजोराने घासला, म्हणजे त्यावर भार बसला. त्यावर काचपट्टी ठेवून काही सेकंद दिव्याचा उजेड दिला. पट्टी काढून लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड पत्र्यावर शिंपडली आणि हलकेच फुंकर मारली. सुटी पूड उडाली; अक्षरांची उरली. मेणकागद दाबून ती उचलली आणि ऊब देऊन मेणात बसवली. दोघांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले, दर वेळी अक्षरे उमटली. तो कागद आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

शोधकथा बहुधा इथेच थांबतात. उद्योगाची कथा इथून सुरू होते आणि पहिली सहा वर्षे ती फक्त नकारांची आहे. १९३९ ते १९४४ या काळात कार्लसनने वीसहून अधिक कंपन्यांची दारे ठोठावली. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए ही नावे त्यांत होती. कोणी उत्तर दिले नाही, कोणी सौजन्याने नाही म्हटले. पुढे यश मिळाल्यावर या कंपन्यांची टिंगल करण्याची प्रथा पडली. ती अन्यायाची आहे. कार्लसन दाखवत होता ते हाताने करायचे एक अवघड प्रात्यक्षिक होते: घासायचा पत्रा, फुंकायची पूड आणि मेणकागदावरचा पुसट डाग. त्यापासून कचेरीतल्या यंत्रापर्यंत मध्ये किमान पाच-सहा स्वतंत्र शोध लागणार होते आणि त्यांतला एकही लागलेला नव्हता. कार्बन कागद कवडीमोलाने मिळत असताना नकलेसाठी कोण पैसे मोजील, या प्रश्नालाही पुराव्याचे उत्तर नव्हते. कोर्नाइसुद्धा सहा महिन्यांनी सोडून क्लीव्हलंडच्या एका कंपनीत रुजू झाला आणि भावी उत्पन्नातला आपला वाटा त्याने सोडून दिला. परक्या देशात नव्याने उभे राहणाऱ्या माणसाने हातातला पगार निवडला, यात दोष काढता येत नाही.

मग कार्लसन कशावर टिकला? स्वभावावर, हे खरेच. पण स्वभाव हे पुरते उत्तर नाही. त्याने मॅलरीतली नोकरी कधी सोडली नाही. तिथे तो पेटंट विभागाचा प्रमुख झाला. पोटापाण्याची सोय असल्यामुळे नकाराचे पत्र आले की चूल विझत नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्याला पेटंटचा कायदा येत होता आणि त्याचे अर्ज त्यानेच, अतिशय व्यापक आणि काटेकोर शब्दांत लिहिले होते. मूलभूत पेटंट ६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिळाले. म्हणजे ज्या वर्षांत वस्तू पुढे सरकत नव्हती, त्या वर्षांत तिच्यावरचा हक्क मात्र पक्का होत होता. निष्ठेने वाट पाहणारे पुष्कळ असतात. वाट पाहताना आपल्या मालकीची शीव आखून ठेवणारे थोडे. तरीही या काळाची किंमत त्याने चुकवलीच. पैसा आणि वेळ प्रयोगांत गेला, आणि १९४५ साली त्याचा पहिला विवाहही संपुष्टात आला.

१९४४ साली ओहायोतील कोलंबसच्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटचा एक तंत्रज्ञ पेटंटच्याच एका कामासाठी मॅलरीत आला असता कार्लसनने त्याच्यापाशी विषय काढला. बॅटेल ही नफ्यासाठी न चालणारी संशोधन संस्था. तिला पुढच्या तिमाहीत विक्री दाखवायची नव्हती. कल्पनेत दम आहे का, एवढेच पाहायचे होते. संस्थेने विकासाचे काम अंगावर घेतले, बदल्यात भावी उत्पन्नाचा मोठा वाटा घेतला. आपला वाटा आणखी कमी होऊ नये म्हणून कार्लसनला साठवणीतले पैसे घालावे लागले आणि नातेवाइकांकडून उसने घ्यावे लागले. बॅटेलमध्ये जे झाले त्याशिवाय ॲस्टोरियाचा कागद कुतूहलाची वस्तू म्हणूनच राहिला असता. गंधकाच्या जागी सेलेनियम आले, जे उजेडाला कितीतरी पटीने अधिक संवेदनशील आहे. रुमालाने घासण्याऐवजी उच्च दाबाच्या बारीक तारेने भार देण्याची रीत निघाली. लायकोपोडियमच्या जागी काळी, तापवली की कागदात वितळून बसणारी पूड आली. आज तिला टोनर म्हणतात. यांपैकी एकही सुधारणा कार्लसनने स्वतः केलेली नाही. एकट्याच्या चिकाटीची म्हणून ही कथा सांगितली जाते, तेव्हा ही माणसे गाळली जातात आणि चिकाटी म्हणजे काय याचा अर्थही निसटतो.

पैसा लावणारा उद्योजक अजून मिळायचा होता. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे कोडॅकचे गाव. त्याच गावात कोडॅकच्या सावलीत हॅलॉइड नावाची छायाचित्रण-कागद बनवणारी लहानशी कंपनी होती. युद्ध संपताना तिच्या तरुण प्रमुखाला, जोसेफ विल्सन यांना, दिसत होते की या एका मालावर कंपनीचे फार काळ निभणार नाही. त्यांचे संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर यांनी कार्लसनच्या प्रक्रियेवरच्या एका लेखाचा गोषवारा वाचला आणि दोघे कोलंबसला जाऊन पाहून आले. १ जानेवारी १९४७ पासून करार लागू झाला: वर्षाला २५ हजार डॉलर आणि विक्रीवर आठ टक्के मानधन. पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, डेट्रॉइटमध्ये ही प्रक्रिया जाहीरपणे दाखवण्यात आली. तरी यंत्राला आणखी अकरा वर्षे होती.

ही अकरा वर्षे उद्योगाच्या अभ्यासकाने सर्वांत बारकाईने पाहावीत अशी आहेत. १९४९ साली 'मॉडेल ए' बाजारात आले. एका नकलेसाठी माणसाने हाताने एकामागून एक डझनावारी कृती करायच्या, पत्रा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत न्यायचा, आणि दोन-तीन मिनिटे घालवायची. नकलेचे यंत्र म्हणून ते पडले. पण कचेऱ्यांत छपाईसाठी जी लहान ऑफसेट यंत्रे होती, त्यांना लागणारी कागदी मूळपट्टी या यंत्रावर झटकन आणि स्वस्तात तयार होते, असे वापरणाऱ्यांना आढळले. हॅलॉइडने तोच धंदा धरला. १९५५ साली मायक्रोफिल्मवरून सलग कागदावर प्रती काढणारे 'कॉपीफ्लो' आले आणि सरकारी खाती, विमा कंपन्या असे मोठे ग्राहक मिळाले. हवे होते ते यंत्र अजून बनत नव्हते, पण त्याच ज्ञानावर चालणारी दुसरी यंत्रे विकली जात होती. त्यातून पैसा येत होता आणि टोनर, सेलेनियमचे पिंप, कागद ओढण्याची यंत्रणा यांचा प्रत्यक्ष वापरातला अनुभव जमत होता.

मराठी वाचकाला याची ओळख पटावी असे उदाहरण जवळचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो घ्यायला शेतकरी धजेनात. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. सायकलींचा व्यापार आणि कडबा कापण्याचे यंत्र हाताशी नसते, तर ही दोन वर्षे निभावणे कठीण गेले असते. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बॅटेल आणि हॅलॉइडचे काम तिथे एका संस्थानिकाने केले, एवढाच फरक. दोन्हीकडे मुख्य वस्तू खपेपर्यंत दुसऱ्या कशाने तरी घर चालत होते, आणि कोणीतरी विलंबाची भीती न बाळगता पाठीशी उभे होते.

विल्सन यांची बाजू मात्र याहून जोखमीची होती. १९४७ ते १९६० या काळात हॅलॉइडने झेरोग्राफीवर, म्हणजे या कोरड्या नक्कल-प्रक्रियेवर, सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च केले, आणि हा आकडा त्याच काळातल्या नेहमीच्या धंद्यातील कमाईच्या जवळपास दुप्पट होता. उरलेली रक्कम कर्जातून आणि भागविक्रीतून उभी केली. अधिकाऱ्यांनी स्वतःची बचत घातली. रॉचेस्टर विद्यापीठाने भाग घेतले. भागधारकांना दर वर्षी पुढच्या वर्षाची आशा दाखवत राहणे ही सोपी गोष्ट नाही, आणि विल्सन यांनी ते आकडे लपवून केले नाही. १९५८ साली कंपनीने हॅलॉइड झेरॉक्स असे नाव घेतले.

याच सुमारास कचेरीसाठीचे यंत्र आकाराला येत होते, आणि निर्मितीचा भार हलका व्हावा म्हणून ते आयबीएमला देऊ करण्यात आले. आयबीएमने आर्थर डी. लिट्ल या सल्लागार संस्थेकडून पाहणी करवून घेतली. अशी फार तर पाच हजार यंत्रे खपतील, असा अहवाल आला आणि आयबीएमने नकार दिला. पाहणी करणाऱ्यांनी त्या वेळी किती नकला काढल्या जातात हे मोजले होते. नक्कल सहज मिळू लागली की किती काढल्या जातील, हे मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

मग हॅलॉइडने ते यंत्र स्वतःच काढले. नऊ इंच रुंद आणि चौदा इंच लांब कागदापर्यंत नक्कल काढता येत असे म्हणून यंत्राला ९१४ हे नाव मिळाले. वजन जवळजवळ २९५ किलो, मिनिटाला सात नकला. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ते प्रथम दाखवले तेव्हा ठेवलेल्या दोन यंत्रांपैकी एकाने पेट घेतला. यंत्राची किंमत कचेऱ्यांना पेलणार नाही, हे ओळखून कंपनीने ते भाड्याने दिले: महिना ९५ डॉलर, त्यात दोन हजार नकला फुकट, त्यापुढे प्रत्येक नकलेला काही सेंट. यंत्राला मीटर लावलेला होता. भाड्याचा हा निर्णय तंत्राइतकाच निर्णायक ठरला, कारण ग्राहक जितका वापर करील तितकी कंपनीची कमाई वाढणार होती आणि वापर कोणाच्याही अंदाजापलीकडे वाढला. १९५९ साली कंपनीची वार्षिक विक्री साडेतीन कोटी डॉलरच्या आत होती; १९६६ साली ती पन्नास कोटींच्या पुढे होती. भारतात १९८३ साली मोदी उद्योगसमूहाच्या भागीदारीत मोदी झेरॉक्स स्थापन झाली आणि उत्तर प्रदेशातील रामपूर येथे यंत्रे तयार होऊ लागली.

अशा कथेवरून 'टिकून राहा, यश येईलच' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. वीस वर्षे एखाद्या कल्पनेमागे घालवून हाती काही न लागलेली माणसे इतिहासात नोंदलीच जात नाहीत, त्यामुळे चिकाटीचा हिशेब नेहमी एकतर्फी मांडला जातो. कार्लसनच्या बाबतीत वेगळेपण असे की दर काही वर्षांनी काहीतरी तपासता येण्याजोगे पुढे सरकत होते: १९३८ला अक्षरे उमटली, १९४२ला पेटंट मिळाले, १९४४ला संस्था मिळाली, मग सेलेनियम, १९४९ला सदोष पण विकले जाणारे यंत्र, १९५५ला मोठे ग्राहक. शिवाय मुळात भौतिकशास्त्र बरोबर होते. जिथे मधल्या पायऱ्याच दिसत नाहीत, तिथे थांबायला नकार देणे याला हट्ट म्हणतात, आणि त्यात घरदार बुडते.

कार्लसनला उशिरा का होईना, भरपूर मिळाले. त्यातले सुमारे दहा कोटी डॉलर त्याने १९६८ साली मृत्यू येण्यापूर्वी आणि मृत्युपत्राने शिक्षणसंस्था, नागरी हक्कांचे काम आणि शांततेच्या चळवळींना दिले, बरेचसे नाव न लावता. वेदान्त आणि झेन यांचे आकर्षण त्याला उत्तरायुष्यात होते. कोर्नाइने वाटा सोडला असला तरी कार्लसनने त्याला पुढे कंपनीचे शंभर भाग भेट दिले.

सर्वांत बोलका पुरावा मात्र पेटंटच्या मुदतीचा आहे. अमेरिकेत त्या काळी पेटंट मंजुरीपासून सतरा वर्षे चाले. ६ ऑक्टोबर १९४२ चे मूलभूत पेटंट ऑक्टोबर १९५९ मध्ये संपले, ९१४ लोकांसमोर येऊन पुरे तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा. तत्त्व सर्वांना मोकळे झाले. तरीही कोणाला त्यावर हात मारता आला नाही, कारण सेलेनियम, भार देणारी तार, टोनर आणि कागदाची यंत्रणा यांवरची शेकडो पेटंटे आणि त्यांमागचा बारा वर्षांचा कारखान्यातला अनुभव हॅलॉइडकडेच होता. कार्लसनला ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत परत पाठवले होते, त्यांपैकी आयबीएमचे साध्या कागदावर नक्कल काढणारे यंत्र बाजारात आले १९७० साली, आणि कोडॅकचे १९७५ साली.